थोरल्या साडूंचा चार्जर

एखाद्या वस्तूविषयी जगात जेवढी म्हणून माहिती आहे तेवढी सगळी गोळा करायची, ती रोज घासूनपुसून लख्ख ठेवायची आणि शेवटी त्या माहितीच्या ढिगाऱ्याखाली स्वतःच सापडून हाका मारत बसायचं, हे काम अख्ख्या सोलापुरात माझ्या थोरल्या साडूंइतकं मनापासून कुणी करत नसेल. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला 'सर' म्हणतात, कारण मी शाळेत शिकवतो. मी मराठी शिकवतो ही गोष्ट त्यांनी कधी मनावर घेतलेली नाही. सर म्हणजे सर. त्याला व्होल्ट, अँपिअर, मान्सून, मूळव्याध सगळं ठाऊक असणार अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि माझ्या प्रत्येक चुकलेल्या उत्तरागणिक ती वाढतच गेली आहे.

शुक्रवार पेठेत त्यांचं घर. खाली भुसार मालाचं दुकान, वर राहायची जागा, त्यावर गच्ची. दुकान आता मुलगा बघतो. बघतो म्हणजे दाजींना दुकानात येऊ देत नाही. गिऱ्हाइकानं तूरडाळ मागितली की दाजी त्याला आधी विचारायचे, आमटीला पाहिजे की वरणाला. वरणाला म्हटलं तर घरात दात नसलेलं कुणी आहे का. आहे म्हटलं तर मग लातूरची डाळ आणि अक्कलकोटकडची डाळ यांच्या शिजण्यातला फरक. तोवर गिऱ्हाईक समोरच्या दुकानातून डाळ घेऊन घरी जाऊन कुकरही लावत असे. चपला घ्यायच्या ठरवल्यावर ते दोन पावसाळे जुन्याच चपलांनी हिंडले, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की माणसाचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा असतो, आणि कुठल्या पायाच्या मापानं जोड घ्यावा हे त्यांचं ठरेना. घराला रंग द्यायचा तर भिंतीवर निरनिराळ्या रंगांचे इतके नमुने लावून झाले की रंगाऱ्यानं विचारलं, "काका, असंच ऱ्हाऊ दिऊ का?" माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती म्हणते, "आयुष्यात एकच गोष्ट यांनी पटकन ठरवली. मला बघायला आले, पोहे खाल्ले आणि हो म्हणाले." त्यावर दाजी अगदी गंभीरपणे म्हणतात, "तवा माहिती घ्यायला वेळच दिला न्हाई की तुमच्या वडलांनी."

अशा या माणसाला वयाच्या साठीनंतर वायरलेसचं वेड लागलं. मोबाइलच्या जमान्यात, आणि तेही साधंसुधं नाही. सरकारी परीक्षा असते, ती द्यावी लागते, मग परवाना मिळतो, आणि मग आपलं स्वतःचं असं अक्षरं-आकड्यांचं नाव मिळतं. दाजींनी त्या परीक्षेचा अभ्यास असा केला की पेठेतली दहावीची मुलं घाबरली. परीक्षा पास झाल्यावर त्यांनी हातात मावेल एवढा एक सेट कुणाकडून तरी वापरलेला घेतला. काळा, जाडजूड, दगडासारखा जड. गच्चीवर लोखंडी पाइप उभा करून त्याला अँटेना बांधली. अक्का म्हणाली, "वाळवणाच्या दोरीला तेवढा पाइप बरा झाला," आणि तिनं त्याला खरोखरच दोरी बांधली. तेव्हापासून दाजींचा आवाज शेवयांच्या वरून जगात जाऊ लागला.

जगात म्हणजे मुख्यतः तुळजापूरच्या बाजूला. सोलापूरहून निघालं की पुढे घाट लागतो, आणि घाट चढल्यावर उजव्या हाताला आत कुठेतरी एक वाडी आहे. तिथे फौजेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत होते आणि त्यांच्याकडेही असाच सेट होता. अगदी त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा. उंचावर असल्यामुळे त्यांचा आवाज दाजींच्या गच्चीवर खणखणीत यायचा. दाजी त्यांना फौजी म्हणायचे, ते दाजींना शेठ म्हणायचे. रोज दिवेलागणीला दाजी जिना चढून वर जात, वेताच्या खुर्चीत बसत, घसा खाकरत आणि आपलं ते सरकारी नाव एकेका अक्षराला इंग्रजी शब्द लावून इतक्या गांभीर्यानं उच्चारत की वाटावं आता सीमेवरची खबर येणार. पलीकडूनही तसंच भारदस्त उत्तर यायचं. मग दाजी विचारत, "भाजी काय केली आज? ओव्हर." फौजी म्हणत, "वांगं केलंय. जरा करपलं. ओव्हर." दाजी म्हणत, "आच मोठी ठेवालाव तुमी. ओव्हर."

फौजींची बायको काही वर्षांपूर्वी गेली होती आणि मुलगा पुण्याला नोकरीत होता, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक ते स्वतःच करत, आणि तो करता करताच दाजींशी बोलत. वारा कुठून आहे, कांदा काय भावानं गेला, घाटावरून आज सोलापूरचे दिवे स्पष्ट दिसतायत की धूळ आहे, असलं काहीतरी. मी एकदा दाजींना विचारलं, "एवढं रोज बोलता, मग फोन नंबर का नाही घेत?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलो होतो. "सर, नंबर घेतल्यावर मग वायरलेस कशाला? फोनवर काय, कुनीबी बोलतंय." त्यांना फौजींचा नंबर माहीत नव्हता, पत्ता माहीत नव्हता, चेहराही माहीत नव्हता. वांगं करपतं हे तेवढं माहीत होतं.

आणि मग दाजींनी चार्जर उघडला.

त्या चार्जरला काहीही झालेलं नव्हतं. सेट त्याच्या स्टँडमध्ये उभा केला की मुकाट्यानं चार्ज व्हायचा. "इतकी वर्षं बिघडत कसा न्हाई, बघावं म्हटलं," असं दाजींनी नंतर मला कारण सांगितलं. स्क्रू काढले, आतलं सगळं बघून समाधान झालं, पुन्हा बसवताना काहीतरी उलटं बसलं, बटण दाबल्यावर एक बारीकसा आवाज आला आणि अक्काच्या म्हणण्याप्रमाणे शेव करपल्याचा वास सुटला. सेटमध्ये जेवढा जीव शिल्लक होता तेवढ्यावर दाजी त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या संध्याकाळी बोलले; चार्जर स्वतःच जाळला हे मात्र लाजेनं फौजींना सांगितलं नाही. मग सेट गप्प झाला.

लगेच पुढच्या सकाळी ते माझ्या घरी हजर. जुळे सोलापूरला माझं घर, पेठेपासून बरंच लांब. रिक्षानं आले होते. हातात काळं पडलेलं स्टँड. "सर, शाळेला सुट्टी टाका. चार्जर घ्यायचाय."

मला वाटलं तासाभराचं काम. स्कूटरवरून नव्या पेठेत जायचं, दुकानात वस्तू दाखवायची, तसलीच दुसरी घ्यायची. वाटेत त्यांनी मागे बसून माझ्या कानात सांगायला सुरुवात केली. बॅटरी सात पॉइंट चार व्होल्टची. स्टँडला येणारी वायर मात्र दहा व्होल्टची. "आता मला सांगा सर, मधले अडीच-पावणेतीन व्होल्ट जातेत कुटं? गव्हाला घट येती तशी याला बी घट हाय का?" मी म्हणालो, असेल. "असंल म्हंजे? भिंतीतनं दोनशे तीस निघालेत, दहावर आलेत, आन् दहाचे पुन्ना सात. एवढी घट कुटल्या धंद्यात परवडंल?" मी स्कूटर सिग्नलला थांबवली. "आन् चार्जर पाचशे एमए पायजे," ते म्हणाले. मी एमए आहे. माझ्या डोळ्यांसमोर पाचशे मराठीचे शिक्षक एका रांगेत उभे राहिले. हिरवा दिवा लागला तरी मी तिथेच होतो.

पहिल्या दुकानदारानं स्टँडकडे बघितलंही नाही. त्यानं खणातून एक पांढरा चार्जर काढून काउंटरवर टाकला. "चाचा, ये लेके जाव. सब में चलता." दाजींनी तो डोळ्यांजवळ नेला. "यावर बारा व्होल्ट लिवलंय." दुकानदार म्हणाला, "बारा तो अच्छाच है की. जल्दी होता." दाजी माझ्याकडे वळले. "सर, दहाच्या जागी बारा दिले तर काय हुतंय?" दुकानदार माझ्याकडे बघू लागला. दुकानातलं आणखी एक गिऱ्हाईक माझ्याकडे बघू लागलं. मी विचार केल्यासारखं करून म्हणालो, "दोन जास्त होतात." दाजींनी मान डोलावली. "म्हंजे सर बी नकोच म्हनालेत."

पुढच्या दुकानात एक अख्खं स्टँड मिळालं. रंग तोच, आकार तोच, सेट आत असा बसला जणू तिथेच जन्मला. दाजींच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. घरी आणून लावलं. रात्रभर ठेवलं. सकाळी सेट होता तसाच मुका. दोन दिवस सगळ्यांनी आपापले अंदाज केल्यावर अक्कानं चष्मा लावून आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, याच्या पितळी पट्ट्या डावीकडं हायत, तुमच्या बॅटरीच्या उजवीकडं. भेटणार कशा?" मग खेकड्यासारख्या नांग्या असलेला एक चार्जर आला, त्याच्या नांग्या कुठल्याही बॅटरीला लावता येतात असं सांगितलं होतं, पण कुठली नांगी कुठल्या टोकाला, हे त्यावर चिनी भाषेत लिहिलेलं होतं. मग जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्यांचा एक आला. तो लावायचाच तेवढा बाकी असताना पेठेतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्यानं येऊन सांगितलं, "काका, ह्यो थांबतच न्हाई. बॅटरी भरली तरी भरतच ऱ्हातो. फुगंल की तुमची बॅटरी." मग मोबाइलच्या वायरीसारखी एक वायर आली, तिचं म्हणणं पाच व्होल्टांत भागवा. माझ्या मुलानं इंटरनेटवरून मागवू म्हटलं, तर तिथे त्या नमुन्याचे इतके चार्जर निघाले आणि प्रत्येकाखाली लोकांनी एकमेकांच्या विरुद्ध इतकं लिहिलेलं निघालं की दाजी चष्मा काढून म्हणाले, "यापेक्षा नवी पेठ बरी. तितं निदान एका येळी एकच मानूस खोटं बोलतंय."

मी वैतागलो होतो हे कबूल करतो. एका रविवारी म्हणालो, "दाजी, कुठलातरी एक लावून बघा ना. फार तर काय होईल?" ते जमिनीवर बसले होते, भोवती सगळे चार्जर वायरी पसरून पडलेले. त्यांनी सेटची बॅटरी काढून तळहातावर घेतली. "फार तर काय हुईल ते सांगतो, सर. ही बॅटरी आता मिळत न्हाई. कंपनीनं बंद केलीय. ही एकच हाय. चुकीचा चार्जर लावला आन् ही गेली, तर फौजी गेला. मला त्याचं नाव बी धड म्हाईत न्हाई. कुटं हुडकू?" आणि बॅटरी सेटमध्ये परत बसवत म्हणाले, "संध्याकाळच्याला येकटाच असतोय ओ तो. भाकरी थापत बोलत असतोय."

तेव्हा मला कळलं की दिवेलागणीला दाजी अजूनही गच्चीवर जातात. अक्कानं सांगितलं. मुका सेट मांडीवर घेऊन खुर्चीत बसतात आणि तुळजापूरच्या बाजूला बघत राहतात. तिनं हे चिडून सांगितलं, पण खुर्चीवर गादी तिनंच टाकलेली होती.

त्याच रविवारी दुपारी दारावर थाप पडली. अक्कानं दार उघडलं. बाहेर एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात फडक्यात बांधलेला डबा. त्यांनी अक्काकडे पाहिलं, तिच्या कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाकडे पाहिलं, जरा गडबडले, आणि मग मान खाली घालून जड आवाजात म्हणाले, "वहिनी, लई वाईट झालं."

अक्काचा चुलतभाऊ अक्कलकोटला आजारी होता. तिनं दाराची चौकट धरली. "अय्यो! कधी?"

"आता कधी ते मी काय सांगणार, वहिनी. तुमालाच म्हाईत."

"मला कुणी काहीच कळवलं नाही हो!" अक्काचा आवाज चढला आणि ती रडायलाच लागली. ते गृहस्थ पार गोंधळले. माणूस घरातला गेला आणि बायकोला कळवलं नाही, हे त्यांच्या फौजेतल्या सगळ्या अनुभवाच्या पलीकडचं होतं. त्यांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "सावरा वहिनी. मानूस देवासारखा व्हता. रोज बोलायचा माझ्याशी."

अक्का रडता रडता थांबली. "तुमच्याशी? माझा भाऊ?"

"भाऊ न्हाई. शेठ. तुमचे मालक."

"आमचे हे?" अक्कानं पदरानं डोळे पुसले. "ते तर आत चार्जर बघालेत."

मी आतून हे सगळं ऐकत होतो, पण ऐकलेल्या गोष्टी एकमेकींना जोडाव्यात हे मला सुचत नव्हतं. दाजींना मात्र आवाजावरूनच कळलं. ते वायरींमधून उठले, एक वायर पायात तशीच अडकलेली, आणि चार्जर ओढत दारापर्यंत गेले. दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. फौजींना वाटत असणार, शेठ म्हणजे चांगले भरदार असतील. दाजींचा आवाज तसा आहे. समोर तर काडीसारखा माणूस, बनियनवर, पायाला वायर. दाजींनी फौजींना ठेंगणं कल्पिलं होतं, का ते देवाला ठाऊक. दोघांनी एकाच वेळी बोलायला तोंड उघडलं, दोघेही एकाच वेळी थांबले. पुन्हा एकाच वेळी सुरुवात केली, पुन्हा थांबले. बटण दाबून पाळीपाळीनं बोलायची सवय; समोरासमोर कुणाची पाळी ते कळेना. शेवटी दाजींनी हात पुढे केला आणि म्हणाले, "तुमी बोला. ओव्हर."

मग उलगडा झाला. शेवटच्या संध्याकाळी सेटचा जीव जात आला तेव्हा दाजींनी घाईघाईनं सांगितलं होतं, "फौजी, माझं आता संपत आलंय. उद्या बोलनं व्हतंय का न्हाई, म्हाईत न्हाई. सांभाळून ऱ्हावा. ओव्हर." आणि त्यानंतर काहीच नाही. बॅटरीविषयी म्हणतायत हे दाजींना इतकं उघड वाटलं होतं की ते सांगायचं राहून गेलं. फौजींनी रोज संध्याकाळी हाका मारल्या. एका हाकेला उत्तर नाही. मग त्यांनी मनाशी समजायचं ते समजलं. पत्ता ठाऊक नव्हता. पण शुक्रवार पेठ, खाली भुसार दुकान आणि गच्चीवर अँटेनेच्या पाइपाला शेवयांची दोरी, एवढं गेल्या काही वर्षांत बोलण्यातून आलेलं होतं. एसटीनं उतरले, पेठेत आले, माना वर करून गच्च्या बघत हिंडले आणि दोरी दिसल्यावर थांबले.

"फोन का न्हाई केला कुनाला?" दाजी विचारत होते.

"नंबर कुटं दिलाय तुमी?"

"तुमी मागितला न्हाई."

"तुमी बी न्हाई मागितला."

दोघांचंही बरोबर होतं.

डब्यात भाकरी आणि पिठलं होतं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही म्हणून बाहेरून अन्न न्यायची आपल्याकडे पद्धत आहे. फौजींनी पहाटे उठून स्वतःच्या हातानं थापून आणलं होतं. भाकरी जाड, वाकड्या, एका अंगाला काळ्या. अक्कानं डबा बघितला आणि तो काय आहे हे लक्षात येताच ती दोन पावलं मागे सरली. "ब्याड," ती कानडीतच म्हणाली, "घरात नको ते. मी स्वयंपाक करते." पण दाजींनी डबा आपल्याकडे ओढला. "माझ्या नावानं आनलाय की. मी न्हाई खायाचा तर कोन?" आणि ते जमिनीवर, चार्जरांच्या मध्ये, मांडी घालून बसले आणि स्वतःच्या दुखवट्याची भाकरी त्यांनी पिठल्याबरोबर चांगली दोन वेळा मागून घेऊन खाल्ली. फौजी समोर बसून बघत होते. त्यांचे डोळे भरून आलेले होते आणि मिशा हसत होत्या. दाजी म्हणाले, "आच मोठी ठेवालाव तुमी." आणि थोड्या वेळानं, "ओव्हर."

निघताना फौजींनी त्या सगळ्या चार्जरांकडे एकदा बघितलं. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. "शेठ, यातला येकबी न्हाई चालायचा. माझा चालतोय. सेट तोच हाय की आपला. घिऊन या वर, हुईल चार्ज."

तेव्हापासून दाजी आपला वायरलेस सेट चार्ज करायला एसटीनं घाटावर जाऊ लागले. अशी माणसं फार नसावीत. सकाळी सेट पिशवीत घालायचा, अक्कानं दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर घ्यायची, तुळजापूरची गाडी पकडायची, फाट्यावर उतरून चालत वाडीपर्यंत जायचं. सेट पूर्ण चार्ज व्हायला पाच-एक तास लागतात. संध्याकाळी परत. मग काही दिवस गच्चीवरून बोलणं, आणि सेट मंदावला की पुन्हा पिशवी. घरातले सगळे आधी हसले, मग वैतागले, मग सवय झाली. दाजींचा मुलगा म्हणायचा, "आप्पा, चार्जरच आणा की खाली." दाजी म्हणायचे, "मग फौजी काय लावंल?" यात चूक काढायला जागा नव्हती, पण काहीतरी चुकतंय असं सगळ्यांनाच वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला गेलो होतो. तिथे एका दुकानात सहज विचारलं, आणि त्या माणसानं मागच्या फळीवरून एक खोकं काढलं. त्याच कंपनीचं. तेच स्टँड, दहा व्होल्ट, पाचशे एमए, पट्ट्या उजवीकडे. मी इतका खूश झालो की परतीच्या प्रवासात ते खोकं मांडीवर घेऊन बसलो. थेट शुक्रवार पेठेत गेलो आणि दाजींच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी ते उघडलं. व्होल्ट वाचले. एमए वाचले. सेट आणून आत बसवून पाहिला, पट्ट्या जुळल्या. उजेडाकडे धरून बघितला, कानाशी नेऊन हलवून बघितला. मी वाट बघत होतो. आता घट निघेल, शंका निघेल. पण ते म्हणाले, "बरोबर हाय, सर. अगदी बरोबर. लई हिंडला असाल." इतकं सरळ उत्तर मी त्यांच्याकडून कधीच ऐकलं नव्हतं. मग त्यांनी चार्जर पुन्हा खोक्यात घातला, झाकण नीट दाबलं आणि खोकं कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं.

"लावत नाही?"

"असू द्या की. घाई काय हाय?"

मी अक्काकडे पाहिलं. अक्का तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "ज्या वस्तूसाठी या माणसानं माझे इतके रविवार घालवले, ती हातात आल्यावर फळीवर ठेवली. याला काय म्हणायचं?"

पुढच्या वेळी दाजी निघाले तेव्हा मीच म्हणालो, चला, मीही येतो. घाटात गार वारा होता. वाडी म्हणजे मोजकी घरं, ज्वारीचं रान आणि फौजींच्या अंगणात एक लिंबाचं झाड. झाडाखाली दोन बाजा. ओसरीच्या कट्ट्यावर चार्जर ठेवलेला. दाजींनी पिशवीतून सेट काढून त्यात उभा केला, स्टँडवर बारीक लाल दिवा लागला. मग दोघे बाजांवर बसले. मला वाटलं आता गप्पा रंगतील. पण रोजच्या रोज सगळं बोलून झालेलं होतं; समोरासमोर बोलायला काही उरलेलंच नव्हतं. फौजींनी शेंगा फोडल्या. दाजींनी खाल्ल्या. खाली लांबवर सोलापूर उन्हात पांढुरकं दिसत होतं. मधूनच कुणीतरी "वारं फिरलं" म्हणायचं, दुसरं "व्हय" म्हणायचं. "ओव्हर" आता कुणी म्हणत नव्हतं. जेवण झालं. दाजी बाजेवर आडवे झाले आणि चक्क झोपले. फौजी जवळ बसून त्यांच्या तोंडावरच्या माश्या टोपीनं वारत होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा माझं लक्ष कट्ट्याकडे गेलं. लाल दिवा जाऊन हिरवा लागला होता. सेट भरला होता. परतीची गाडी मिळायला अजून वेळ होता, पण फार नव्हता. मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात फौजी उठले. सावकाश ओसरीपर्यंत गेले, सेट चार्जरमधून उचलला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा तसाच आत ठेवला. असं केलं की तो दिवा थोडा वेळ पुन्हा लाल होतो. लाल झाला. ते येऊन बाजेवर बसले.

दाजी जागे होते. डोळे किलकिले करून त्यांनी हे सगळं पाहिलेलं होतं.

"झाला का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई अजून," फौजी म्हणाले. "हाय थोडा."

"हू दे की निवांत," दाजी म्हणाले आणि कूस बदलली.

मी गाडीची वेळ सांगणार होतो. फौजींनी माझ्यापुढे शेंगा सरकवल्या, आणि मी एक शेंग फोडायला घेतली.